लेबलावरचं नाव आणि आतले हात

आधी एक सोपा प्रश्न. जगात स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनं किती आहेत?

पुस्तकी उत्तर असं: इटलीतल्या क्रेमोना गावच्या आंतोनियो स्ट्राडिव्हारीने (जन्म १६४४ च्या आसपास, मृत्यू १७३७) आयुष्यभरात हजाराच्या वर वाद्यं बनवली. त्यातली साधारण साडेसहाशे आज शिल्लक आहेत आणि त्यात व्हायोलिनं पाचशेच्या आसपास. त्यांतल्या कितीतरींना स्वतःचं नाव आहे, कोणाकडून कोणाकडे गेलं ह्याची वंशावळ आहे. 'लेडी ब्लंट' नावाचं १७२१ सालचं व्हायोलिन २०११ मध्ये लिलावात १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं. म्हणजे सगळा मामला मोजूनमापून आणि कडीकुलपात.

आता दुसरं उत्तर. युरोप-अमेरिकेतल्या माळ्यांवर, जुन्या बाजारांत, आजोबांच्या ट्रंकांत जी व्हायोलिनं सापडतात, त्यांच्या एफ आकाराच्या भोकातून टॉर्च मारून आत बघितलं तर एक पिवळट कागद दिसतो. त्यावर लॅटिनमध्ये छापलेलं असतं की क्रेमोनाच्या आंतोनियस स्ट्रॅडिव्हेरियसने हे अमुक साली बनवलं. साल बहुतेक वेळा सतराशे अमुक. अशी व्हायोलिनं लाखांनी आहेत. घरातल्या मंडळींना दोन दिवस झोप लागत नाही. मग कोणीतरी जाणकार येतो, एक नजर टाकतो आणि म्हणतो, "जर्मन आहे. ट्रेड व्हायोलिन." झालं, बंगल्याचं स्वप्न संपलं :)

गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. 'नकली' असा शिक्का बसतो आणि व्हायोलिन परत ट्रंकेत जातं. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असं वाटतं. स्ट्राडिव्हारीने बनवलं नाही हे कळलं, ठीक. मग बनवलं कोणी?

ह्या प्रश्नाचं उत्तर फार वेळा जर्मनीच्या एका छोट्याशा कोपऱ्यात नेऊन सोडतं. सॅक्सनी प्रांताच्या दक्षिण टोकाला, बोहेमियाच्या (म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या) सीमेला चिकटून फोग्टलंड नावाचा डोंगराळ भाग आहे. थंडी भरपूर, शेती बेताची, जंगल मुबलक. तिथली मार्कनॉयकिर्शन आणि क्लिंगेनथाल ही गावं आणि सीमेपलीकडची ग्रास्लित्झ आणि श्योनबाख (आजची क्रास्लित्से आणि लुबी) ही त्यांची जुळी भावंडं. जर्मन लोक ह्या भागाला 'मुझिकविंकेल' म्हणतात, म्हणजे संगीताचा कोपरा. (जर्मनीत व्हायोलिनचं दुसरं मोठं घराणंही आहे. आल्प्सच्या पायथ्याशी मिटेनवाल्ड गावात माथियास क्लोट्झने ते सतराव्या शतकाच्या शेवटी सुरू केलं. ती गोष्ट वेगळी, तिच्यावर पुन्हा कधीतरी.)

ह्या कोपऱ्यात व्हायोलिन आलं ते धर्माच्या भांडणातून. सोळाशे अठरा ते अठ्ठेचाळीस अशी तीस वर्षं युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना कापत होते. बोहेमियात प्रोटेस्टंट हरले आणि तिथल्या हॅब्सबर्ग राजांनी फर्मान काढलं की कॅथलिक व्हा किंवा चालते व्हा. ग्रास्लित्झमधल्या व्हायोलिन बनवणाऱ्या काही घरांनी दुसरा पर्याय निवडला. हत्यारं बांधली आणि सीमा ओलांडून सॅक्सनीत आले. फार लांब नाही, अवघे काही किलोमीटर. पण राज्य वेगळं, राजा वेगळा, देव पुजायची पद्धत आपली. १६७७ मध्ये अशा १२ कारागिरांनी मिळून व्हायोलिनवाल्यांचा संघ काढला आणि तिथल्या ड्यूककडून त्याला मान्यता मिळवली.

हा संघ म्हणजे आजच्यासारखी युनियन नव्हे. जर्मन भाषिक मुलुखात त्या काळी प्रत्येक धंद्याचा असा संघ असे. शिकाऊ कोणाला घ्यायचं, उस्ताद कधी म्हणायचं, कोणी काय बनवायचं आणि (जास्त महत्त्वाचं म्हणजे) कोणी काय बनवायचं नाही, हे सगळं संघ ठरवायचा. ह्या शेवटच्या कलमाची एक मजेदार गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात गिटारची फॅशन आली तेव्हा मार्कनॉयकिर्शनमध्ये ती बनवायला लागले सुतार, म्हणजे कपाटं-पेट्या बनवणाऱ्यांचा संघ. व्हायोलिनवाले भडकले. त्यांनी सरकारदरबारी अर्ज केला की आम्ही कलावंत, हे फर्निचरवाले, आणि आरामखुर्ची म्हणजे गिटार नव्हे हे कुठल्याही मूर्खाला कळतं. तेव्हा ह्यांना गिटार बनवायची बंदी करा. बंदी काही आली नाही, पण भांडण वर्षानुवर्षं चाललं. त्याला कंटाळून सुतारांकडच्या एका तरुणाने १८३३ मध्ये अमेरिकेची बोट पकडली. त्याचं नाव क्रिस्टियान फ्रीडरिश मार्टिन. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी गिटारवेडा असेल तर त्याला विचारा, 'मार्टिन' म्हटल्यावर त्याचे डोळे कसे चमकतात ते. ती मार्टिन गिटार ह्याच गावच्या माणसाची.

तर कलावंत म्हणवणाऱ्या ह्या व्हायोलिनवाल्यांचं पुढे काय झालं? त्यांच्याच पोरांनी जगातलं सर्वांत यशस्वी असेंब्ली लाईन मॉडेल उभं केलं. तेही कारखान्याशिवाय.

क्रेमोनात एक घर, एक उस्ताद, त्याची मुलं आणि चार शागीर्द मिळून अख्खं व्हायोलिन बनवायचे. फोग्टलंडमध्ये काम फोडलं गेलं. एका घरात फक्त माना कोरायच्या, टोकाच्या त्या सुंदर गुंडाळीसकट. दुसऱ्या घरात फक्त 'डबे', म्हणजे पाठ, पोट आणि कडेच्या पट्ट्या जोडून तयार झालेला, अजून रोगण न लावलेला सांगाडा. तिसऱ्याकडे खुंट्या आणि पट्ट्या, चौथ्याकडे घोड्या, पाचव्याकडे गज, सहाव्याकडे मेंढ्यांच्या आतड्याच्या ताती. रोगण लावणारे वेगळे, जोडणी करून तारा चढवणारे वेगळे. डब्यांचं आणि सुट्या भागांचं बरंचसं काम सीमेपलीकडे श्योनबाखच्या बाजूला व्हायचं, कारण तिथे मजुरी कमी. (ओळखीचं वाटतंय? थांबा, तिकडे येतोच आहे.)

सगळ्यांच्या मधोमध बसायचा व्यापारी. तो माल गोळा करायचा, ऑर्डरी आणायचा, भाव ठरवायचा. काम घरोघरी, नगावर मजुरी, अख्खं कुटुंब कामाला जुंपलेलं. आपल्याकडे विडीचा ठेकेदार पान-तंबाखू देतो आणि बायका घरी विड्या वळून देतात, हिशोब तोच. हजार विड्यांमागे जे मिळेल ते, आणि चार विड्या नापास झाल्या तर नुकसान वळणारीचं.

१८६१ च्या कायद्याने सॅक्सनीतली संघांची मक्तेदारीही संपली आणि हा धंदा सुसाट सुटला. सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथे रुडॉल्फ वुर्लिट्झर हा ह्याच भागातल्या श्योनेक गावचा माणूस १८५३ मध्ये जाऊन पोचला होता आणि तीन वर्षांत त्याने गावाकडून वाद्यं मागवून विकायला सुरुवात केली होती. पुढे सीअर्स रोबक कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये शिवणयंत्रं आणि नांगरांच्या बरोबरीने व्हायोलिनं छापून येऊ लागली. गज आणि पेटीसकट दहा डॉलरच्या आत, टपालाने घरपोच. मार्कनॉयकिर्शनमध्ये इतका माल निघायचा की अमेरिकन सरकारने १८९३ मध्ये त्या चिमुकल्या गावात आपली कॉन्सुलर कचेरी उघडली. ती १९१६ पर्यंत, म्हणजे पहिल्या महायुद्धाने धंदा बसवेपर्यंत चालली. व्यापाऱ्यांनी बांधलेले दिमाखदार बंगले गावात अजून उभे आहेत. त्या बंगल्यांतून डबेवाले राहत नव्हते, हे सांगायला नकोच.

आता ह्या व्हायोलिनच्या पोटात शिरू. माझ्या एका मित्राच्या मडगावच्या घरी त्याच्या आजोबांचं व्हायोलिन आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, आजोबा त्यातलेच. व्हायोलिनच्या पोटाची फळी सुटली होती म्हणून दुरुस्तीला दिलं, तेव्हा कारागिराने ती पूर्ण उचलली आणि मला पहिल्यांदाच एका व्हायोलिनचं 'सोर्स कोड' बघायला मिळालं.

बाहेरून व्हायोलिन देखणं. लालसर तपकिरी रोगण, कडांना मुद्दाम काळपट छटा, मध्ये मुद्दाम फिकं केलेलं, जणू शंभर वर्षं कोणाच्या तरी खांद्याला घासलं गेलंय. (हे म्हातारपण गावातच, नवंकोरं असताना चढवलं जायचं. आजच्या फाटक्या जीन्सचं पूर्वज म्हणा.) आतून मात्र वेगळाच प्रकार. व्हायोलिनच्या पोटाला आतून, जाड तारेच्या खाली, एक लांब पट्टी असते. तिला बास-बार म्हणतात. ती वेगळी घडवून, फळीच्या गोलाईला तंतोतंत बसवून चिकटवायची असते आणि हे वेळखाऊ काम आहे. इथे ती चिकटवलेलीच नव्हती. फळी कोरताना तेवढी जागा न कोरता तशीच उंच सोडून दिली होती, म्हणजे पट्टी आणि फळी एकाच लाकडाची. दुसरं म्हणजे, क्रेमोनावाले आधी लाकडी साचा घ्यायचे, त्याच्या कोपऱ्यांवर ठोकळे बसवायचे आणि त्याभोवती कडेच्या पट्ट्या वाकवायचे. फोग्टलंडची जुनी पद्धत साच्याशिवायची: पट्ट्या थेट पाठीच्या फळीवरच उभ्या करायच्या. त्यामुळे स्वस्त व्हायोलिनांत कोपऱ्यातले ठोकळे गायब असतात, किंवा भोकातून दिसेल तेवढ्यापुरता लाकडाचा तुकडा चिकटवलेला असतो. मित्राच्या व्हायोलिनात खालच्या दोन कोपऱ्यांत असे तुकडे होते. वरच्या दोन कोपऱ्यांत काहीच नव्हतं, कारण तिथे भोकातून नजर पोचत नाही.

आतली फळी तर गुळगुळीतही केलेली नव्हती. कोरणीचे वार जसेच्या तसे.

हे बघून सोबतचा मित्र म्हणाला, "चायला, कामचोर साले!" माझी प्रतिक्रिया उलटी होती. मी हा कोड ओळखला. डेडलाईन आहे, नगावर पैसे आहेत, गिऱ्हाईकाला जिथे दिसतं तिथे चकाचक आणि जिथे दिसत नाही तिथे चालण्यापुरतं. पण 'चालण्यापुरतं' ह्यालाही एक कसब लागतं. बास-बार कोरून सोडायचा तर हात स्थिर हवा, एक वार चुकला की फळी फुकट. ठोकळ्यांशिवाय पट्ट्यांचे कोपरे जुळवायचे तर डोळा तयार हवा. दिवसभर तेच, वर्षानुवर्षं तेच. हा आळस नव्हे. भाव ठरलेला असताना वेळ कुठे वाचवायचा ह्याचं पिढीजात ज्ञान आहे ते. आणि ते व्हायोलिन लग्नांत, फेस्तांत, चर्चमध्ये वाजत राहिलं. समुद्राकाठच्या दमट हवेत इतकी वर्षं काढून, शेवटी सुटलं काय, तर सरस.

आता त्या लेबलाकडे येऊ. फसवणूक होती का ती? थोडी होती, थोडी नव्हती. अठराव्या शतकात युरोपात सगळ्यांत मानाचं नाव स्ट्राडिव्हारीचं नव्हतं, टिरोलमधल्या अबसाम गावच्या याकोब स्टाइनरचं होतं. त्याची व्हायोलिनं फुगीर पोटाची, गोड आवाजाची. तेव्हा जर्मन कारागीर त्याच्या नमुन्यावर बनवत आणि नावही त्याचंच घालत. पुढे राजवाड्यातलं संगीत मोठ्या सभागृहांत आलं, लांबवर पोचणारा आवाज हवा झाला आणि स्ट्राडिव्हारीच्या चपट्या नमुन्याला भाव आला. लेबलं बदलली. म्हणजे लेबल हे कर्त्याचं नाव नव्हतंच, मॉडेलचं नाव होतं. कॅटलॉगमधून दहा डॉलरला व्हायोलिन घेणाऱ्या शेतकऱ्यालाही आपण क्रेमोनाचा ठेवा घेतोय असं वाटत नसणार. गैरसमज झाला तो नातवाचा, कारण कॅटलॉग फाटून गेला आणि लेबल तेवढं उरलं.

आणि १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने गंमत आणखी वाढवली. बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत हवं असा नियम आला. त्यामुळे त्यानंतरच्या कित्येक लेबलांवर वरती लॅटिनमध्ये क्रेमोनाचा उस्ताद आणि खाली बारीक अक्षरात 'जर्मनी' किंवा 'मेड इन जर्मनी' असं एकाच कागदावर नांदतं. १९१८ नंतर श्योनबाख नव्या देशात गेलं, तर तिकडच्या मालावर 'मेड इन चेकोस्लोवाकिया'. आज जाणकार व्हायोलिनचं वय ठरवताना आधी ह्या खालच्या ओळीकडे बघतात. कागदावरची तेवढीच ओळ खरी.

लेबलात फसवणूक असेल तर माझ्या मते ती विकत घेणाऱ्याची नाही, बनवणाऱ्याची आहे. स्टाइनरचं नाव राहिलं, स्ट्राडिव्हारीचं राहिलं, वुर्लिट्झर आणि सीअर्सचं राहिलं. डब्याला हात लावणाऱ्या आठ-दहा माणसांपैकी एकाचंही नाव कुठे नाही. मार्कनॉयकिर्शनमध्ये नाव लावणारे उस्तादही होते, उदाहरणार्थ अर्न्स्ट हाइनरिश रोट. त्याची १९२० च्या दशकातली शिक्का आणि क्रमांक असलेली व्हायोलिनं आज चांगल्या किमतीला जातात. पण असे थोडे. बाकी सगळे त्या लॅटिन ओळीच्या मागे गडप.

आपल्यापैकी कितीजण सकाळी बसमध्ये बसून हिंजवडीला किंवा ऐरोलीला जातात, कोणा परदेशी बँकेच्या ॲपचा एक तुकडा लिहितात आणि संध्याकाळी परत येतात? त्या ॲपवर नाव बँकेचं. सीमेपलीकडे काम का जातं हेही आपल्याला समजावून सांगायला नको. अर्थात आपला पगार बरा आहे, एसी आहे, श्योनबाखच्या डबेवाल्याच्या हालाशी आपली बरोबरी करणं हा चावटपणा होईल. तरीपण आत कोरणीचे वार दिसले तेव्हा मला जे वाटलं ते दयेसारखं नव्हतं, ओळख पटल्यासारखं होतं.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो दुःखद आहे आणि मोठा आहे. १९४५ नंतर चेकोस्लोवाकियातून जर्मन भाषिकांना हाकलण्यात आलं. श्योनबाखचे कारागीर पुन्हा एकदा हत्यारं बांधून निघाले, तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्याच धंद्यातले लोक निघाले होते तसे. ह्या वेळी त्यातले बरेच पश्चिम जर्मनीत बुबेनरॉयट नावाच्या खेड्यात वसले. १९४९ मध्ये त्या खेड्याने आपल्या वस्तीच्या कितीतरी पट माणसं सामावून घ्यायचं ठरवलं. श्योनबाखची ह्योफ्नर कंपनीही तिकडेच गेली, आणि तिने बनवलेली व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार १९६१ मध्ये हाम्बुर्गच्या दुकानातून पॉल मॅकार्टनी नावाच्या पोराने घेतली. मार्कनॉयकिर्शन पूर्व जर्मनीत गेलं, तिथे सरकारी कारखाने आले. आणि सीमेपलीकडे, लुबी झालेल्या श्योनबाखमध्ये चेक सरकारने उरलेल्या धंद्याचं राष्ट्रीयीकरण करून कंपनी काढली, तिचं नाव काय ठेवलं असेल? 'क्रेमोना'. सवय जात नाही ती अशी.

आज शिकाऊंची स्वस्त व्हायोलिनं बहुतांशी चीनमधून येतात. जिआंगसू प्रांतातलं हुआंगचिआओ हे त्याचं मोठं केंद्र, आणि तिथेही काम फोडूनच होतं. मार्कनॉयकिर्शनमध्ये आता थोडे पण नाव लावणारे कारागीर आहेत, आणि १८८३ मध्ये सुरू झालेलं वाद्यांचं संग्रहालय आहे. २०१४ मध्ये जर्मनीने फोग्टलंडच्या वाद्यनिर्मितीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं. त्या यादीत एका उस्तादाचं नाव नाही, अख्ख्या प्रदेशाचं आहे. उशिरा का होईना, हे श्रेय योग्य पत्त्यावर पोचलं असं मला वाटतं. ज्या वस्तूला दहा हात लागलेत तिच्यावर एकाचं नाव घालणं तसंही खोटंच.

मित्राच्या व्हायोलिनला शेवटी नवा बास-बार बसवला नाही. कारागीर म्हणाला, "आहे तो चांगला आहे, राहू दे." फळी परत चिकटवली. लेबलही आहे तिथेच ठेवलं, स्ट्रॅडिव्हेरियस, सतराशे अमुक. त्याची भाची आता त्यावर शिकते आहे. तिला आवाज आवडतो, लेबल तिने अजून वाचलेलं नाही.

असो. पुढच्या विकांताला भेटूच.